तो नळ, ती टाकी, ते पाणी

लिफ्टमध्ये तो कागद पुन्हा लागला आहे. “परीक्षा सुरू आहेत. शांतता राखावी. ज्यांच्या परीक्षा नाहीत त्यांनीही शांत बसण्यास हरकत नसावी.” दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या सोसायटीतलं कुणी तरी असा कागद चिकटवतं, आणि दरवर्षी मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. परीक्षा माझी नसते, चपला मात्र मी हातात घेऊन चालते. ज्या घरांत पोळ्या लाटायला जाते तिथं कुकरची शिट्टीसुद्धा दबकून होते. टेबलावर पुस्तक, पुस्तकावर पेन, पेनावर डुलक्या घेणारं पोर. बाहेर ऊन असं की वारज्याची टेकडी भाजलेल्या पापडासारखी दिसते, हायवेवरची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांचा पिच्छा सोडत नाही, आणि कुणाच्या तरी घरचा कैरीच्या लोणच्याच्या फोडणीचा वास जिन्यातून खाली उतरत येतो.

आमच्या भंडारा जिल्ह्यात परीक्षेचा मोसम आणि मोहाचा मोसम एकच. मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात, ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, आणि त्याच वेळी शाळेची घंटा होते. सातवीची परीक्षा मी दिली ती बोटांना मोहाचा चिकट, गोड वास घेऊन. पेपरला माझी बोटं चिकटत होती. आठवीच्या परीक्षेला गेलेच नाही. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. टोपली भरली का, एवढंच आईनं विचारलं. माझी शाळा अशी सुटली, दाराचा आवाजसुद्धा न होता.

पण मार्चमध्ये मला आठवतो तो उन्हाळा गावाकडचा नाही, इथलाच आहे. तेव्हा हिंजवडीत काचेच्या कंपन्या उभ्या राहत होत्या आणि त्यांत काम करणाऱ्यांसाठी वारज्यात सिमेंटच्या इमारती. माझा नवरा तिकडे एका कंपनीच्या गेटवर, मी इकडे पोळपाटावर. त्या उन्हाळ्याला खडूचा आणि ओल्या सिमेंटचा वास आहे. आणि तो आठवला की आजही माझं डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, तरी तापतं.

आधी माझं सांगते. मी जन्मापासून मराठी बोलत होते. पुण्यात आल्यावर कळलं की मला मराठी येत नाही. आमच्या झाडीपट्टीत ‘ळ’ नाही, त्याच्या जागी आम्ही ‘र’ म्हणतो, आणि ‘ण’च्या जागी ‘न’. डोळ्याला डोरा, फळाला फर. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि विचारलं, “गूर हाय का जी?” दुकानदारानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, “बाई, हे किराण्याचं दुकान आहे. गोठा नाही.” मागे उभे असलेले सगळे हसले. वाईट हसले असं म्हणता येणार नाही, हसू येण्यासारखंच होतं. पण त्यानंतर किती तरी दिवस मी दुकानात बोटानं बोलले. हे द्या, ते द्या, अर्धा. बोटाला ना ‘ळ’ लागतो ना ‘ण’.

मग मला सुमतीबाई भेटल्या. त्या पेठेतल्या एका मुलींच्या शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. पहिल्याच दिवशी मोरीतून ओरडून सांगितलं, “बाई, नर गरून राह्यला जी!” बाईंनी पेपर खाली ठेवला. “कांता, नर गळत नाहीत. ते पेन्शन घेऊन कट्ट्यावर बसतात. गळतो तो नळ. जीभ मागे वळव. आणखी मागे. घाबरू नकोस, गिळली जाणार नाही.” पोळी लाटता लाटता मी ‘नळ’ म्हणत राहिले. पोळी जळली. “बघ,” बाई म्हणाल्या, “जळली म्हण आता. निदान शब्दापुरता उपयोग होऊ दे.” आज मी हे लिहिते आहे त्यातला प्रत्येक ‘ळ’ त्यांचा आहे. हे उपकार मी विसरत नाही. चिडते कितीही, पण विसरत नाही.

मराठीचा वर्ग काढायचं बाईंच्या डोक्यात आलं ते त्यांच्या स्वतःच्या हिंदीमुळे. भिंत रंगवायला आलेल्या माणसाला त्या म्हणाल्या, “भय्या, भिंत को ओला मत करो, पोपडा निकलेगा.” तो बिचारा खिडकीबाहेर पक्षी शोधायला लागला. बाई मला म्हणाल्या, “माझं हिंदी सुधारायचं वय गेलं. त्यांचं मराठी सुधारणं सोपं पडेल.” झालं. संध्याकाळी पार्किंगमध्ये वर्ग सुरू. पोरांचं टेबल टेनिसचं टेबल अर्धं उभं करायचं, त्या हिरव्या फळ्यावर खडूनं लिहायचं. पोरं कुरकुर करायची की चेंडू नीट उसळत नाही, ‘क’ला आपटून वाकडा जातो. शिकायला यायचे रंगारी, नेपाळचा वॉचमन, फरशी बसवणाऱ्यांच्या बायका. आज पाचजण, उद्या कुणीच नाही. कुणाची साइट बदलली, कुणाचं पोर आजारी पडलं, कुणी गावाला गेला तो गेलाच. मी मदतनीस होते. म्हणजे बाई मराठीत सांगणार, आणि समोरच्याच्या डोळ्यात काहीच हललं नाही तर मी हळूच हिंदीत सांगणार. आमचं गाव मध्य प्रदेशाच्या अंगाला, हिंदी मला येतं. बाईंना हे हळूच सांगणं खपत नसे. “कुबड्या देऊ नकोस,” म्हणायच्या. “अहो, पण आधी पाय तर येऊ द्या,” मी मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती. माझे तरी पाय कुठे धड होते?

रोज न चुकता येणारा एकच होता. ओडिशाचा प्लंबर, बैकुंठ. आता पुण्यात वैकुंठ म्हटलं की आधी आठवतं ते स्मशान. त्यामुळे त्याच्या येण्यानं इमारतीत रोज काही तरी घडायचं. वॉचमननं तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना इंटरकॉमवर विचारलं, “साहेब, बैकुंठ आलाय, वर पाठवू का?” आजोबा म्हणाले, “आज नको म्हणावं. पेन्शनचा फरक यायचाय अजून.” बैकुंठला या हसण्याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, या इमारतीतली माणसं फार आनंदी आहेत.

आणि त्याचा ‘ळ’! त्याच्या भाषेत ‘ळ’ आहे. पहिल्याच दिवशी तो “नळ” असं स्वच्छ म्हणाला आणि बाईंचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. “ऐक कांता! देशाच्या त्या टोकाच्या माणसाला ‘ळ’ येतो, आणि तुला नाही!” मला त्या दिवशी बैकुंठचा मनापासून राग आला होता.

पण देव एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं काढून घेतो. बैकुंठच्या भाषेत वस्तूंना बाईमाणूस-बुवामाणूस नाही. सगळं सारखंच. त्यामुळे “नळ आली, टाकी फुटला, पाणी गेला.” बाई फळ्यावर लिहायच्या: तो नळ, ती टाकी, ते पाणी. तो बघत राहायचा. एकदा त्यानं मला विचारलं, “ताई, टाकी बाई का?” मी म्हटलं, तसंच असतं. “आणि तिच्या पोटातलं पाणी, ते बाई नाही, बुवा पण नाही?” मी म्हटलं, तसंच असतं रे. “आणि टाकीवरचं झाकण?” ते झाकण. “आणि ते उचलणारा हात?” तो हात. “आणि हाताची बोटं?” मी हात जोडले. मराठीत असं का आहे हे मला काय ठाऊक? मी कधी विचारलंच नव्हतं. आपल्या भाषेबद्दल आपल्याला किती कमी माहीत असतं, हे दुसऱ्याला शिकवायला बसल्याशिवाय कळत नाही. आणि कळलं की चीड येते, ती शिकणाऱ्यावरच निघते.

तरी माझी खरी चीड बैकुंठवर नव्हती. ती जिन्यात होती. तो रोज एक वाक्य पाठ करून जायचा. पान्याची पिशवी खांद्यावर, ओठ हलत असलेले. दार उघडलं की म्हणायचा, “नमस्कार, नळ कुठे गळतो आहे?” आणि उत्तर यायचं, “अरे भैया, अंदर आओ. वो बाथरूम का नल है ना, उसको देखो.” एक घर नाही, दोन घरं नाहीत, सगळी घरं. तो खाली यायचा तेव्हा पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडात तसंच, न चावलेल्या घासासारखं. मला म्हणाला, “ताई, इथं मराठी कोण बोलतं? मी कुणाशी बोलू?”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे मी पोळ्या करायची. त्या फार मायाळू. बैकुंठला उन्हाचं पन्हं द्यायच्या, आणि देताना म्हणायच्या, “लो भैया, पी लो, गर्मी बहुत है.” मी एकदा धीर करून म्हटलं, “काकू, तो मराठी शिकतोय. त्याच्याशी मराठीत बोला ना.” काकू म्हणाल्या, “अगं, बिचाऱ्याला समजावं म्हणून बोलते मी.” दयेनं सुद्धा माणसाचं तोंड बंद करता येतं. आपल्या लोकांना वाटतं की इथं येणाऱ्या प्रत्येकानं मराठी शिकलंच पाहिजे. रिक्षात, कट्ट्यावर, मीटिंगमध्ये हेच चाललेलं असतं. पण त्याचं मोडकं वाक्य पुरं होईपर्यंत उभं राहायला एकालाही सवड नाही. शिकायचं त्यानं, आणि ते आपल्याला ऐकू न येईल अशा ठिकाणी. तयार होऊन आला की मग बोलू. हे म्हणजे पोराला, पोहता आल्यावरच पाण्यात उतर, असं सांगण्यासारखं झालं.

एप्रिलमध्ये नोटीस बोर्डावर दुसरा कागद लागला. सोसायटीला कायमचा प्लंबर ठेवायचा होता. पगार, आणि पंपाशेजारची खोली राहायला. खाली लिहिलं होतं: “इमारतीत ज्येष्ठ मंडळी अधिक असल्याने मराठी बोलणाऱ्यासच घेतले जाईल. येत नसताना ‘येते’ असे सांगणाऱ्यांनी वेळ घालवू नये, आमचा व स्वतःचा.”

त्या खोलीत काय होतं? पंपाची घरघर, एक खिडकी, भिंतीला ओल. पण बैकुंठची बायको आणि चार वर्षांची मुलगी गावाला होत्या, आणि तो राहत होता साइटवर, दहा-बारा पुरुषांबरोबर पत्र्याखाली. तिथं बायकोला कसं आणणार? मुलगी त्याला ओळखायची ती मोबाइलमधून. गेल्या वेळी तो गावी गेला, तिच्या समोर बसून बोलला, तर पोर त्याच्या खिशातल्या फोनकडे बघत राहिली. आवाज तिथून येतो असं तिला वाटलं. हे त्यानं मला पाना पुसत पुसत सांगितलं, हसत सांगितलं. मग म्हणाला, “ताई, ती खोली मिळालं पाहिजे.” मी म्हटलं, “मिळाली पाहिजे.” “हो, मिळाली.” मी चूक सुधारली खरी, पण त्या क्षणी माझी मलाच लाज वाटली. काय सुधारत होते मी!

मग तयारी. आमच्या पार्किंगमध्येही परीक्षेचा हंगाम लागला. वरती पोरं गणितं घोकत होती, खाली बैकुंठ “मी येईन, मी बघीन, मी दुरुस्त करीन” घोकत होता. बाईंनी त्याला एक युक्ती सांगितली. “तुझी भाषा आणि माझी भाषा एकाच आजीच्या नाती. अडलास तर तुमच्याकडचा पोथीतला, जडसा शब्द टाक. बहुतेक करून आमच्याकडे तोच असेल.” आणि खरंच की, फळ, मूळ, जल, अन्न, सगळं जुळत होतं. बैकुंठ हरखला. मला मात्र धाकधूक होती. मी म्हटलं, “बाई, एखादा नाही जुळला तर?” बाई म्हणाल्या, “कांता, तू भूकंपाच्या भीतीनं तळमजल्यावर राहणारी बाई आहेस.”

मीटिंग रविवारी सकाळी. नेमकं त्याच आठवड्यात बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी, त्या घरात पडून. खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांत सोसायटीची मंडळी, समोर अध्यक्षसाहेब. हे सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, शर्टाला अजून कडक इस्त्री करणारे गृहस्थ. मी चहा देत होते. बैकुंठ धुतलेला शर्ट घालून उभा.

“काय रे, मराठी येतं का?” अध्यक्षांनी विचारलं. मराठीत विचारलं, हे लक्षात ठेवा. त्या एकाच रविवारी.

बैकुंठ ताठ झाला. “हो साहेब. मी रोज मराठीची चेष्टा करतो.”

अध्यक्षांनी कप बशीत ठेवला.

“काय करतोस?”

“चेष्टा, साहेब. खूप चेष्टा करतो. सकाळी करतो, संध्याकाळी करतो. कांताताई पण माझ्याबरोबर चेष्टा करतात.” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी ट्रे जवळच्या खुर्चीवर ठेवला. तो अजून हसतच होता, आनंदी माणसं त्याच्याकडे बघत होती ना. “माझी बायको आली, की ती पण मराठीची चेष्टा करेल. आम्ही घरात सगळे चेष्टा करू.”

“बघा! तोंडावर सांगतोय!” मागून कुणी तरी ओरडलं. एक खुर्ची खरकन मागे गेली. अध्यक्षांचा चेहरा लाल. “बाहेर हो,” ते म्हणाले. “आमच्या घरात राहायचं, आमची चेष्टा करायची, आणि वर खोली पाहिजे!” मलाही कळलं नव्हतं. मलासुद्धा क्षणभर वाटलं की हा असं कसं बोलला, इतके दिवस हाच विचार करत होता की काय.

पंपाच्या खोलीशी त्याला गाठलं. सरळ हिंदीतच विचारलं, म्हटलं बाईंची कुबडी बिबडी गेली खड्ड्यात. “तू ये क्या बोल के आया?” तो भेदरलेला. “चेष्टा, ताई. आमच्याकडे चेष्टा म्हणजे... कोशिश.”

कोशिश! रोज मराठीची कोशिश करतो. बायको आली की ती पण करेल. मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. त्यानं निवडून, जपून, पोथीतला शब्द काढला होता, खास त्या दिवसासाठी.

मी तशीच बाईंकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि त्या इतक्या हसल्या की मला पट्टीची काळजी वाटली. मग एकदम थांबल्या. “त्याचंच बरोबर आहे गं,” म्हणाल्या. “संस्कृतात चेष्टा म्हणजे धडपडच. धडपडणाऱ्याला बघून हसायचं आपण सुरू केलं असणार, म्हणून आपल्याकडे तो शब्द असा नासला.” मग उठून बसल्या. “आणि युक्ती माझीच होती. चप्पल दे.” डॉक्टरांनी हलायचं नाही असं सांगितलं होतं. काळा चष्मा लावून, माझा हात धरून त्या अध्यक्षांच्या दारात उभ्या राहिल्या. “आपण आज एका माणसाला संस्कृत बरोबर बोलल्याबद्दल हाकललंत,” त्या म्हणाल्या. “अभिनंदन. हे पुण्यातच होऊ शकतं.”

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, घसा खाकरला, म्हणाले, “पुढच्या रविवारी परत बघू. पण त्याला ‘प्रयत्न’ म्हणायला शिकवा.”

तो आठवडा! बैकुंठच्या तोंडात या शब्दातला ‘य’ बसेना. “प्रजत्न.” “प्रयत्न.” “प्रजत्न.” नळ पिळताना, पायऱ्या चढताना, टाकीत उतरून. टाकीतून तर आवाज घुमून यायचा, प्रजत्न, प्रजत्न, आणि गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बायका दचकायच्या. मीही त्याच्याबरोबर म्हणायची, आणि मला कळायचं की माझाही ‘त्न’ कुठे धड आहे? शेवटी शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला, “प्रयत्न.” स्वच्छ. पार्किंगमधला वॉचमनसुद्धा टाळ्या वाजवायला लागला.

रविवार. तेच पार्किंग, त्याच खुर्च्या, बाई या वेळी पहिल्या रांगेत, काळ्या चष्म्यात. बैकुंठचे ओठ हलत होते. आणि अध्यक्षांनी, मागच्या वेळी आपण फार कडक वागलो असं वाटून असेल, चेहऱ्यावर हसू आणलं आणि मऊ आवाजात विचारलं, “हां, तो बताओ बैकुंठ, ये काम कब से कर रहे हो?”

“लग्नाच्या आधीपासून, साहेब.”

“बहुत अच्छा. और छुट्टी के दिन बुलाया तो?”

“येईन साहेब. बघीन. दुरुस्त करीन.”

“टंकी साफ करना आता है?”

“ती टाकी मीच साफ करतो, साहेब.” ती! तो ‘ती’ म्हणाला होता! कुणाला ऐकू आलं? कुणालाही नाही.

“और मराठी समझ में आता है ना?”

हे ऐकलं आणि माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. इतक्या वर्षांचा ‘ळ’ आणि ‘ण’ कुठल्या कुठे गेला, आणि तोंडातून माझं गाव बाहेर पडलं. “साहेब, त्याले मराठीत इचारा ना जी! तो मराठीत बोलून राह्यला, तुमी काहून हिंदीत पुसून राह्यले?”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्याच मऊ आवाजात म्हणाले, “आप कहाँ से हैं?”

“भंडाऱ्याची आहे साहेब मी.”

“अच्छा, अच्छा. एम.पी.”

“महाराष्ट्रातच आहे जी ते.” पोळ्या कोण करतं यांच्या घरी? मीच करते. यांना मी रोज मराठीतच ‘झाकून ठेवल्यात हो’ म्हणून येते.

सुमतीबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, “अध्यक्ष, ही परीक्षा कोणाची आणि कोणत्या भाषेची चालली आहे? हिंदीची असेल तर निकाल आत्ताच सांगते. तो पास. तुम्ही काठावर.”

“अहो सुमतीबाई, त्याला सोपं जावं म्हणून—”

“सोपं तुम्हाला जातंय.”

सगळे हसले. अध्यक्षही हसले, मोकळेपणानं हसले, त्यांच्या इस्त्रीला चुणी पडली. मग बैकुंठकडे बघून म्हणाले, “ठीक है भाई. एक तारीख से आ जाओ.” म्हणजे घेतलं. मराठी येतं म्हणून घेतलं, हिंदीत कळवलं. बैकुंठ म्हणाला, “धन्यवाद साहेब. मी प्रयत्न करीन.” तोपर्यंत खुर्च्यांची आवराआवर सुरू झाली होती. जाता जाता एकजण दुसऱ्याला म्हणाला, “अरे वा, इसको तो अच्छा मराठी आता है!”

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडले. तो म्हणाला, “अवं, नोकरी भेटली ना त्याले? मग?” खरं होतं. नोकरी भेटली. मी देवापुढे दिवाही लावला. पण दिवा लावतानाही चिडलेलीच होते.

मे महिन्यात त्या दोघी आल्या. बायकोचं नाव मिनती. डोक्यावर पदर, हातात शंखाच्या बांगड्या, प्रवासानं सुकलेला चेहरा, आणि तिच्या मागे लपलेली मुलगी, बापाच्या खिशाकडे बघणारी. बैकुंठनं खोलीला चुना लावला होता, खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा. मी भाकरी-भाजी घेऊन गेले तर पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, मुलीसाठी फ्रॉक घेऊन. आणि सवयीनं सुरू झाल्या, “आओ आओ, क्या नाम है तुम्हारा? सफर कैसा हुआ?”

मिनतीनं बैकुंठकडे बघितलं. बैकुंठ दारातून म्हणाला, “काकू, मराठीत बोला. तिला हिंदी येत नाही.”

“हो का?” काकू गडबडल्या. “मग मराठी येतं?”

“नाही येत,” तो म्हणाला, आणि मीटर बघायला निघून गेला.

आता काकूंचा नाइलाज झाला. हिंदी उपयोगाचं नाही, तर मराठीच बरं, असं त्यांना वाटलं असावं. त्या मिनतीच्या समोर खाली बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “नाव... काय... तुझं?” इतकं सावकाश मराठी मी या इमारतीत कधी ऐकलं नव्हतं. मिनतीनं माझ्याकडे बघितलं. मला हिंदी येतं, पण ते तिला येत नाही. तिची भाषा मला येत नाही. देण्यासारखी कुबडीच नव्हती माझ्याकडे. काकू उठायला लागल्या तशी मी त्यांच्या हातावर हात ठेवला. “थांबा जी जरा,” म्हटलं. आम्ही थांबलो. पंप घरघरत होता. मुलीनं फ्रॉकचं बटण तोंडात घातलं.

मिनतीचे ओठ हलले. ऐकलेलं तिनं तसंच्या तसं उचललं होतं, सुरासकट. काकूंच्या डोळ्यात बघून, हळू, स्पष्ट, ती म्हणाली, “नाव काय तुझं?”

तुझं! काकूंना तुझं! मी ‘तुमचं’ म्हणायला तोंड उघडलं, पण काकूंकडे बघितलं आणि मिटलं. त्यांचा चेहरा काही वेगळाच झाला होता. या इमारतीत त्या सगळ्यांच्या काकू, नाही तर कुणाच्या तरी आई, नाही तर दोनशे तीनवाल्या. हा प्रश्न त्यांना शेवटचा कुणी विचारला असेल?

“माझं?” त्या म्हणाल्या. पदर सारखा केला. “माझं विजया.”

इतकी वर्षं मी त्यांच्या ओट्यावर पोळ्या लाटत होते. मला ते त्या दिवशी कळलं.